उन्हातला पाठमोरा फोटो

४ मे, रविवार

बारके,

फोन उचलत नाहीस. पोरगी म्हणते, मावशीनं तुझा नंबरच बंद करून टाकलाय. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला माहीत आहे, चौथीत शाळा सोडली तेव्हा होतं तसंच आहे. लागलं नाही तर परत वाच. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच, पण वाच.

तो फोटो काढून टाक.

आधी ऐकून घे, फणफण मग कर. पोरगी तुझ्याकडून परत आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. जन्मात पहिल्यांदा एकटीनं दिवसाउजेडी प्रवास केला. मला म्हणाली, "आई, खिडकीजवळ बसले आणि पडदा ओढलाच नाही." वीस वर्षांची पोरगी, आणि पडदा ओढला नाही याचं कौतुक सांगते. मी मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेले. कांदे चिरायचे होते.

तुझ्या दुकानापासून नदीच्या पुलापर्यंत तुम्ही दोघी भर दुपारी चालत गेलात, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. फोटो काढला हेही सांगितलं. दोघी पाठमोऱ्या, केस वर बांधलेले, खांदे उघडे. मी शिवलेला बिनबाह्यांचा झगा तिनं घातला होता. तिच्यासाठी मी आजवर काय शिवलं? मनगटाखाली येणाऱ्या बाह्या, गळ्यापर्यंत गळे, हातमोजे, टोपीला मागं झालर. बिनबाह्यांचं काही कापायला घेतलं तेव्हा मला बगलेची गोलाई घेता येईना. लोकांचे पडदे शिवून हात सरळ रेषेला लागलेत. दोनदा उसवलं. तोच तो झगा.

आणि परवा कामावर इस्त्रीवाली फोन घेऊन आली. "ही पाठ तुझ्या पोरीची ना? झगा ओळखला मी." बघते तर तुझ्या केस कापायच्या दुकानाची जाहिरात. फोटोखाली काय लिहिलंयस ते मी बोट ठेवून वाचलं. हॉस्पिटलात देतात तेच औषध आता आमच्याकडे. उन्हात न जाता उन्हाचा रंग.

बारके, तिला ते औषध रंगासाठी देतात का? तू तिची मावशी आहेस. ती पाळण्यात होती तेव्हा दिव्याखाली नेली की किंचाळायची आणि आपल्याला वाटायचं हट्टी आहे. चालायला लागली तेव्हा खिडकीतून ऊन आलं की हात टेबलाखाली घालून बसायची. अंगावर काही दिसायचं नाही, ना फोड ना लाली, आणि पोर म्हणायची, आई, आतून भाजतंय. काच मध्ये असली तरी भाजायचं. सगळे म्हणाले नाटकं करते. तूच तेव्हा म्हणालीस, "ताई, एवढीशी पोर एवढं नाटक करू शकत नाही." मी ते विसरले नाही. रोगाचं नाव कळलं त्याला फार वर्षं लागली. तोवर मी घराला काळं अस्तर लावून बसले होते.

आता तिच्या कमरेच्या वर कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी कांडी घालतात. दर दोन महिन्यांनी. ती आतल्या आत विरते. त्यानं अंगाचा रंग गडद होतो, आणि त्या रंगाच्या आडोशाला उभी राहून ती उजेड सोसू शकते. रंग म्हणजे तिची छत्री आहे. तू ती छत्री लोकांना शोभेला विकतेस, आणि वर माझ्या पोरीचा खांदा दाखवून.

तिला विचारलंस का? नाही विचारलंस. मी तिला विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे ना आई, मावशी आहे." ती जाऊ देईल. मी देणार नाही.

दारावरचा काढ, फोनवरचा काढ. मग बोलू.

ताई


१६ मे, शुक्रवार

बारके,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी लिहिल्यास, त्यातल्या दोन माझ्या शिक्षणावर. चालेल.

लिहितेस की डॉक्टरनं टोचलं की औषध आणि तू टोचलंस की विष असं कसं, दोन्ही एकाच घराण्यातली आहेत, पेप्टाइड म्हणतात त्याला, आणि तू त्यावर वाचलंयस. असेल बाई. आपण दोघीही एकाच घराण्यातल्या आहोत. बघ किती फरक आहे.

लिहितेस की लोक हौसेनं येतात आणि हसत जातात. पोरगी तर म्हणाली तो व्यायामशाळेचा मास्तर टोचून घेतल्यावर तुझ्या मोरीत ओकत होता. एवढा दंडाचा गडी, आणि तू त्याची पाठ चोळत होतीस. ते हसत जाणं असेल तर असो. पोरीनं हेही सांगितलं की तू स्वतःच्या पोटाला चिमटा काढून तीच सुई मारतेस, मग तोंड लाल होतं, जांभयांवर जांभया येतात, जेवणावरची वासना जाते, आणि तू म्हणतेस, "लागू पडलं." ती पावडरीची बाटली तिनं उलटी करून वाचली होती. संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये, असं त्यावर लिहिलंय. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "असं लिहावं लागतं गं." कुणाला लिहावं लागतं? मी पडद्यावर लिहीन का, खिडकीला लावू नये म्हणून?

ह्यावर चांगलं दोन पानी भांडण लिहिणार होते. पण काल जे झालं ते आधी सांगते.

काल पोरीला घेऊन हॉस्पिटलात गेले. वर्षातून दोनदा तिचं अंग नखशिखांत तपासतात. पायाच्या बोटांमधल्या बेचक्या, कानामागे, केसांत भांग पाडून. चामडीची डॉक्टरीण आहे, पोरीहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल, फार बोलत नाही. भिंग लावून एकेक तीळ बघते आणि मागच्या फोटोशी ताडून बघते. पोरगी कंटाळून म्हणाली, "रंग येण्यासाठीच औषध देता, मग तीळ कशाला बघता?"

डॉक्टरीण म्हणाली, "रंग वाढवणारं औषध तिळांचाही रंग वाढवतं. बहुतेक तीळ नुसते गडद होतात. पण एखादा वेडावाकडा वाढायला लागला तर तो त्या गडदपणात लपायला नको."

मी विचारलं, "आणि बाहेर पावडर विकतात ती? हेच का ते?"

"हे नाही. ह्याच जातीतलं दुसरं आहे, आणि ते औषध म्हणून कुठं मंजूर नाही. बाटलीत खरंच काय आहे आणि किती आहे ते मला माहीत नाही. विकणाऱ्यालाही नसतं. शिवाय टोचल्यावर तीळ बघायला कुणी बसलेलं नसतं." एवढं बोलून ती परत पोरीच्या पाठीकडे वळली.

मी तुझं नाव घेतलं नाही. घेणार होते.

घरी आल्यावर तो फोटो बघायला घेतला. मी तो मोठा छापून घेतलाय आणि कापायच्या टेबलावर काचेखाली ठेवलाय. भांडताना हाताशी असावा म्हणून. त्यात पोरीची पाठ बघत होते, कारण डॉक्टरणीनं तिचा प्रत्येक तीळ दाखवला होता तर म्हटलं बघू तरी. सुईत दोरा ओवायचं भिंग घेतलं. तिची पाठ झाली, मग तुझ्या मानेवर आले.

बारके, बटणाला काय झालंय?

तुझं बटण. मानेवर केसांच्या मुळाशी असलेलं. लहानपणी मी तुझी वेणी घालायचे तेव्हा ते दाबायचे आणि तू जीभ बाहेर काढायचीस. पाहुण्यांसमोरसुद्धा काढायचीस आणि मार मला बसायचा. तो तीळ गोल होता. शाळेतल्या पोरी तुला पिठाची बाहुली म्हणायच्या, इतकी तू पांढरी, त्यामुळे तो अजूनच उठून दिसायचा. फोटोत तो गोल नाही. कापडावर शाई पडावी आणि कुणी घाईनं पुसायला जावं, तशी त्याची उजवी बाजू ओढली गेलीय. मध्ये काळा, कडेला तपकिरी, एका ठिकाणी राखट.

आधी वाटलं सावली आहे. मग वाटलं छापणाऱ्यानं घाण केली. पोरीच्या फोनवर बघितलं. तिथंही तसंच.

फोटोचं जाऊ दे. लाव तिथंच. डॉक्टरकडे जा. चामडीच्या, दुसऱ्या कुठल्या नाही. ह्या आठवड्यात.

ताई


२५ मे, रविवार

बारके,

लिहितेस, "फोटो काढला. झालं समाधान? तीळ जन्मापासूनचा आहे. उगाच घाबरवू नकोस."

फोटोबद्दल मी शेवटच्या पत्रात काय लिहिलं होतं ते तू वाचलंच नाहीस. तुला जे करायला सोपं होतं ते केलंस.

जन्मापासूनचा आहे हे मला तू सांगतेस? तुला पहिली आंघोळ घातली तेव्हा तांब्या माझ्या हातात होता. तुझ्या दुकानात सहा आरसे आहेत, दिवसभर लोकांच्या माना इकडून तिकडून वळवतेस, आणि तुझ्या स्वतःच्या मानेचा मागचा भाग तू शेवटचा कधी बघितलास सांग. आमच्याकडे यायचीस तेव्हा केस सोडलेले असायचे, आणि आमचं घर तर काय, काळे पडदे आणि मंद दिवा. त्या घरात माणूस ओळखू येत नव्हता, तिथं तीळ कोण बघणार? पोरगी उन्हात उभी राहिली म्हणून तू उन्हात उभी राहिलीस, म्हणून तो दिसला. नाहीतर अजून दिसला नसता.

तू म्हणशील ताईला एका फोटोवरून काय कळतं. बरोबर आहे. मला काही कळत नाही. म्हणून सोबत एक कापड पाठवतेय.

आम्ही पडद्याच्या वरच्या पट्टीला कड्यांसाठी भोकं पाडतो, त्याला आधी साचा ठेवून बघतात. भोक जरा मोठं पडलं की कडी निसटते. हा तसाच साचा आहे, काळ्या अस्तराचा. मधलं भोक बाबांच्या सदऱ्याच्या गळ्याच्या बटणाएवढं आहे. आठवतं ना, तू दुकान उघडलंस त्या सकाळी मी तुझे केस वर बांधून दिले आणि चेष्टेनं ते बटण तुझ्या तिळावर ठेवलं. तंतोतंत बसलं, कडेनं काही दिसलं नाही. तू म्हणालीस, "शिवून टाक एकदाचं." ते बटण माझ्या डब्यात अजून आहे. त्याच्याभोवती खडू फिरवून कापलंय.

हे कुणाला तरी मानेवर ठेवायला सांग. तुला स्वतःला जमणार नाही, उगाच आरशात आरसा घालून बसू नकोस. भोकात सगळा तीळ मावला आणि कापड उचलल्यावर खाली काही निघालं नाही, तर मी तुझी माफी मागेन. लेखी मागेन, आणि तुझ्या जाहिरातीत लाव हवं तर.

मावला नाही तर मला लिहायच्या आधी डॉक्टरला फोन कर.

आणि यातलं काही केलं नाहीस तर मी येतेय. सिनेमागृहाचे पडदे शिवायला घेतलेत, ते झाले की त्या दिवशीची गाडी. येऊन तुझ्या दुकानात मधल्या खुर्चीवर बसेन. केस कापायला नाही, नुसती बसेन. जो येईल त्याला विचारेन, तुम्ही ह्या बाईकडून काय टोचून घेता आणि तुमच्या पाठीवर तीळ आहेत का. तुला माहीत आहे मी बसेन.

घुबड तुझी आठवण काढतं. हे नाव तूच पाडलंस, अंधार पडल्यावरच बाहेर निघते म्हणून. आता ती दुपारी दोनला भाजी आणायला जाते. तिला मी तिळाचं सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती तुझ्याकडे पळत येईल, आणि तिच्यासमोर तू हसून वेळ मारून नेशील.

ताई


३ जून, मंगळवार

बारके,

काल फोनवर तू बोललीस ते अर्धं मला कळलं नाही, कारण तू रडत होतीस आणि इकडे शिलाईची मशीन चालू होती. मी मशीन बंद का केली नाही म्हणून तू चिडलीस. बंद केली असती तर बाजूच्या बायकांना माझा आवाज ऐकू गेला असता. तेवढंच.

मला कळलं ते असं. कापड तीन दिवस गल्ल्याच्या खणात पडलं होतं. मग मास्तर त्याच्या सुईसाठी आला, दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आणि तू त्याला म्हणालीस, "आमच्या ताईला खूळ लागलंय, हे जरा मानेवर ठेव." त्यानं ठेवलं आणि म्हणाला, "बाई, भोक भरलं." तू म्हणालीस, "मग झालं तर." मग त्यानं कापड उचललं आणि घडी घालून गल्ल्यावर ठेवलं. तू विचारलंस काय झालं. तो शर्टाच्या बाह्या खाली करत म्हणाला, "आज मला नको." आणि गेला.

त्या मास्तरबद्दल मी जे लिहिलं ते मागं घेते. ओकण्याचं सोडून.

आता तुझी अट. येईन म्हणालीस, ताई, तू सांगतेस त्या डॉक्टरकडे येईन, पण टोचत होते हे सांगणार नाही. लोकांना कळलं तर दुकान बसेल.

नाही. अशी नको येऊस. डॉक्टरणीला अर्धं सांगून तपासायला लावायचं म्हणजे मला खिडकीचं एकच माप देऊन पडदा शिवायला सांगण्यासारखं आहे. मी शिवीन, आणि तो लांडा होईल. ती पोलीस नाही. ती तुझ्या दुकानाचं काही करणार नाही. तिनं जे बघायचं ते नीट बघावं एवढ्यासाठी तिला सगळं पाहिजे. किती दिवस, किती वेळा, काय, कुठून घेतलं.

दुकानाचं विचारशील तर, केस कापायला तुझा हात आहे. मी तुझ्यावर कितीही तोंड टाकलं तरी हे कधी नाकारलं नाही. सुई नव्हती तेव्हाही तुझ्याकडे गिऱ्हाईक बाहेर उभं असायचं.

सोमवारची वेळ घेतलीय. तुझे भाऊजी स्टेशनवर येतील. आमच्याकडेच राहायचं, हॉटेलबिटेल नाही. पडदे आता बाजूला सारलेले असतात, घर ओळखू येणार नाही तुला. भिंतींचा रंग किती घाण आहे ते आम्हालाही आत्ताच कळलंय.

बाटली सोबत आण.

ताई


१९ जून, गुरुवार

बारके,

आत जाताना म्हणालीस, "ताई, मी बाहेर येईपर्यंत तोंड बंद ठेव. डॉक्टरणीला काही शिकवू नकोस." म्हणून बाकावर बसून लिहितेय. तोंड बंद आहे. तू दाराच्या पलीकडे आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. शेजारची बाई माझ्याकडे बघतेय, बघू दे.

त्या सोमवारचं मी तुझ्याशी बोलले नाही, आता लिहिते. डॉक्टरणीनं विचारलं, "काही औषधं चालू आहेत? अंगाला लावायची, टोचायची?" आणि तू सरळ तोंडानं म्हणालीस, "नाही." ती लिहायला लागली. मी उठणारच होते. तुला वाटलं असेल मी पोरीला पढवलं होतं. नव्हतं. ती स्वतःच खुर्ची सरकवून तुझ्याजवळ आली, झगा कमरेजवळ जरा वर केला आणि म्हणाली, "मावशी, माझी इथे घालतात. तू कुठे टोचतेस?" असं विचारलं, जसं घरात विचारते, साखर कुठे ठेवलीस.

तू तिच्याकडे बघितलंस. मग पर्स उघडलीस, रुमालाची गाठ सोडलीस आणि बाटली टेबलावर ठेवलीस. म्हणजे सांगायचं तुझ्या मनात होतं. नाहीतर रुमालात बांधून आणली नसतीस. ह्यासाठी मी तुझे मागचे सगळे टोमणे माफ केलेत. पुढचे नाही.

डॉक्टरीण रागावली नाही. मला वाटलं होतं रागावेल, आणि मला ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. तिनं बाटली उलटी केली, वाचली आणि विचारलं, "कधीपासून?" तू सांगितलंस. मग तू विचारलंस, "ह्यानंच झालं का?"

ती म्हणाली, "सांगता येणार नाही. ऊन असेल, तुमची गोरी कातडी असेल, हे असेल. ह्याची तपासणी कुणी केलेलीच नाही, तर मी कशाच्या जोरावर हो म्हणू, आणि कशाच्या जोरावर नाही?"

तुला हो किंवा नाही पाहिजे होतं. मलासुद्धा पाहिजे होतं. हो म्हणाली असती तर मी जिंकले असते, नाही म्हणाली असती तर तू सुटली असतीस. ते मिळालं नाही. त्या दिवशी तीळ काढला, आणि मग रिपोर्टात जे आलं ते आलं. वाईटातला आहे. पण पातळ आहे, वरच्या वर आहे, असं ती म्हणाली, आणि आज कडेचं अजून थोडं काढतील, म्हणजे काही राहिलं असेल तर जाईल. पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी. तुला आणि पोरीला एकाच दिवशी बोलवायला सांगितलंय मी. ती म्हणाली, तसं नसतं. मी म्हटलं, मग करा तसं. बघू म्हणाली.

मधल्या दिवसांत तू आमच्या बाहेरच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांना फोन लावत होतीस ते मी ऐकत होते. मशीनवर होते, पण पाय हलवत नव्हते. एकेकाला तू तेच सांगितलंस. मी विकलं ते बंद करा, उरलेलं फेकून द्या, अंगावरचे तीळ डॉक्टरला दाखवून घ्या. एकीनं तुला काय शिव्या दिल्या ते फोनमधून मलासुद्धा ऐकू आलं. तू ऐकून घेतल्यास आणि परत म्हणालीस, "तीळ दाखवा." एकानं विचारलं, उरलेल्या बाटल्या मला देता का. त्याला तू जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही, बाजूची बाई वाचतेय. मास्तर आधीच जाऊन आला होता, त्याचं काही नाही. आता तुझ्याकडे फक्त दाढी करायला येणार म्हणाला, आणि तू म्हणालीस, "या, पण मोरीत नाही."

तेव्हा तू हसलीस. माझा दोरा तुटला.

दुकानाचं दार उघडशील तेव्हा लोक किती येतील मला माहीत नाही. कमी येतील. दारावर जिथं तो फोटो होता तिथं पांढरा चौकोन उमटला असेल, त्यावर काही लावू नकोस. गेल्या गेल्या दुसरं काही विकायला घेऊ नकोस, मी ओळखते तुला. खिडकीला नवे पडदे मी देते. पांढरे, पातळ, अस्तर नसलेले. असा पडदा मी आजवर शिवलेला नाही, म्हणून चुकला तर सांभाळून घे.

पोरगी खाली अंगणात आहे. सावलीत रिकामा बाक आहे, आणि ही उन्हातल्या बाकावर बसलीय, तोच झगा घालून. मी खिडकीतून हात केला तर तिनंही केला. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला होता, पण बसली होती.

इथून पुढे रस्त्यानं जाताना मी तुझ्या मागून चालणार. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागं काय रेंगाळतेस म्हणून ओरडू नकोस. तुझी मान तुला दिसत नाही. मला दिसते. केस वर बांधायचे, निदान घराबाहेर पडताना. वय झालं म्हणून सैल अंबाडा चालणार नाही. मी बांधून देईन.

बाबांचं बटण पिशवीत घालून आणलं होतं. का ते मला माहीत नाही. आता ते ठेवायला जागाच नाही. सकाळी ते तुझ्या उशाशी ठेवलं तर तू म्हणालीस, "ताई, आता दाबशील काय?"

दार उघडलं. मानेला एवढी मोठी पट्टी, मान वळवता येत नाहीये, अख्खी फिरून मला शोधतेयस. नर्स काहीतरी सांगतेय आणि तू ऐकत नाहीयेस.

अगं, एवढ्या लोकांसमोर जीभ काय काढतेस. बटण कुणी दाबलं?

कागद ठेवते. आले.

ताई